सर्व्हरच्या डिस्क आणि आजोबांची कीर्द-खतावणी

घरच्या व्यवसायासाठी नवा सर्व्हर घ्यायचं ठरलं की कोटेशन आधी घरातल्या ‘कॉम्प्युटर कळणाऱ्या’ मुलाकडे, मुलीकडे किंवा सुनेकडे येतं. प्रोसेसर आणि रॅमवर सगळे बोलतात. ‘रेड ५’ किंवा ‘रेड १०’ असं लिहिलेल्या ओळीवरून मात्र नजर पुढे सरकते. बिलिंग आणि मालसाठ्याचा डेटाबेस त्या सर्व्हरवर चालणार असेल, तर काउंटरवरची गर्दी किती लवकर हलेल आणि डिस्क बिघडल्यावर धंदा चालू राहील का, हे बरंचसं त्या एका ओळीवर ठरतं.

रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून त्यांचा एकच साठा करायची पद्धत. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात हे नाव रूढ केलं. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरायच्या आणि त्यातली एखादी गेली तरी काम थांबू द्यायचं नाही, हा त्यामागचा विचार.

ही सोय दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार जोडीचा. प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहायची. याला रेड १ म्हणतात. अशा अनेक जोड्यांवर डेटा वाटून ठेवला की झालं रेड १०. दुसरा प्रकार बेरजेचा. समजा १२, ७ आणि २० हे तीन आकडे आहेत आणि त्यांची बेरीज ३९ चौथ्या जागी लिहिली आहे. मधला ७ पुसला गेला, तरी ३९ मधून १२ आणि २० वजा करून तो परत मिळतो. संगणकाचं गणित थोडं वेगळं असलं, तरी रेड ५ मागचं तत्त्व हेच.

४ टीबीच्या चार डिस्क घेतल्या, तर रेड ५ मध्ये १२ टीबी जागा मिळते आणि रेड १० मध्ये ८ टीबी. त्यामुळे कोटेशनमध्ये रेड ५ स्वस्त दिसतं. त्याची खरी किंमत लिहिताना मोजावी लागते. एक आकडा बदलायचा, तर जुना आकडा वाचा, जुनी बेरीज वाचा, नवा आकडा लिहा, नवी बेरीज लिहा, अशी चार कामं होतात. रेड १० मध्ये दोनच.

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारा दांडा जागेवर न्यायचा वेळ वेगळा. म्हणून विखुरलेल्या जागांवरची अशी कामं ती सेकंदाला साधारण ८०च करू शकते. चार डिस्कची मिळून झाली ३२०. म्हणजे छोट्या नोंदी लिहायच्या, तर रेड १० मध्ये सेकंदाला १६० आणि रेड ५ मध्ये ८०. कंट्रोलरमध्ये बॅटरीवर चालणारी कॅश असेल, तर थोडा वेळ हा फरक जाणवत नाही. पण गर्दी दिवसभर राहिली की तीही भरते. वाचताना मात्र रेड ५ ला असा भुर्दंड पडत नाही. त्यामुळे फोटो आणि स्कॅन केलेली जुनी बिलं तिथे सुखाने ठेवावीत.

आता एक डिस्क गेली असं समजू. नवी घातल्यावर रेड १० मध्ये फक्त तिच्या जोडीदाराची नक्कल करायची असते. रेड ५ मध्ये उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० एमबीचा वेग सतत मिळाला, तरी ४ टीबी भरायला सात तासांहून जास्त वेळ जातो आणि दुकान चालू असेल तर आणखी. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली, तर रेड ५ मधलं सगळंच जातं. रेड १० मध्ये नेमका तो जोडीदार गेला, तरच. रेड ६ कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी टिकतं, पण छोट्या नोंदीला तिथे सहा कामं पडतात.

आणखी एक गोष्ट आपल्या आजोबांच्या पिढीला नीट ठाऊक होती. दुकानात दोन वह्या असत. व्यवहार घडेल त्या क्रमाने कीर्दीत लिहायचा आणि मग सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढवायचा. डेटाबेसही तसंच करतो. आधी लॉगमध्ये ओळीने नोंद, मग डेटा फाइलमध्ये जागच्या जागी बदल. मध्येच वीज गेली, तर लॉग वाचून खाती पुन्हा लावता येतात. लॉगचं लिखाण सरळ एका ओळीत जातं, डेटा फाइलचं विखुरलेलं असतं. फिरत्या डिस्कवर दोन्ही एकत्र ठेवलं, तर दांडा सारखा इकडून तिकडे धावतो. म्हणून लॉगला वेगळी रेड १ जोडी आणि डेटाला रेड १०, ही मांडणी चांगली.

छोट्या धंद्याला हा सगळा पसारा लागत नाही. सर्व्हरसाठी बनवलेल्या दोन एसएसडी रेड १ मध्ये लावल्या, तरी चार फिरत्या डिस्कपेक्षा काम कितीतरी वेगाने होतं. मात्र अचानक वीज गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करायची सोय त्या एसएसडीत आहे ना, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

आणि घरात सगळ्यांना एवढं नक्की सांगा, की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून वर्षाची बिलं पुसली, तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जातात. रोज रात्री बॅकअप घ्या, एक प्रत दुकानाबाहेर ठेवा आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. कोटेशनवर सही करताना या खर्चाचीही ओळ त्यात असू द्या.