ईसीजीवरील ‘ब्लॉक’: खरा की आभासी?

ईसीजीच्या अहवालावर ‘ब्लॉक’ हा शब्द वाचताच घरातील मंडळी अँजिओप्लास्टीच्या चिंतेत पडतात. वस्तुतः हा अडथळा रक्तवाहिनीतील नसून हृदयातील विद्युत्-संदेशाच्या वाटेवरील असतो. वरच्या कप्प्यात उमटलेला संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही, तेव्हा त्यास ‘हार्ट ब्लॉक’ म्हणतात.

भिवंडीत यंत्रमाग थांबला, तर मोटार उघडण्यापूर्वी वीज आहे की नाही, हे पाहिले जाते. ईसीजीत ठोका गळालेला दिसला, तर तज्ज्ञही प्रथम वरच्या कप्प्यांची खूण, म्हणजे ‘पी’ लहर शोधतात. ठोके गाळणाऱ्या खऱ्या ब्लॉकमध्ये पी लहरी ठरल्या वेळी येत राहतात; खालचे कप्पे मात्र काही वेळा प्रतिसाद देत नाहीत. याउलट, वरच्या कप्प्यात कधीकधी एखादा ठोका अवेळी, फार लवकर उमटतो. त्या क्षणी पुढची वाट सज्ज नसल्याने तो तेथेच विरतो. त्याची पी लहर आधीच्या ‘टी’ लहरीत दडून जाते आणि कागदावर केवळ रिकामी जागा दिसते. हा ब्लॉकचा आभास होय. त्यासाठी सहसा पेसमेकर लागत नाही.

काही रुग्णांत ब्लॉक खरा, पण कारण दूर करता येण्याजोगे असते: मेटोप्रोलोल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन यांसारखी औषधे अथवा मूत्रपिंडाच्या विकारात वाढलेले पोटॅशियम. म्हणून डॉक्टरांना औषधांची संपूर्ण यादी दाखवावी. स्वतःहून कोणतेही औषध बंद करू नये.

तज्ज्ञांकडे ठाण्याला वा मुंबईला जाताना जुने ईसीजी अवश्य न्यावेत. तुलनेतून पुष्कळ उलगडते. ईसीजीचा कागद बहुधा उष्णतेने उमटणारा असतो. तो कालांतराने फिका पडतो आणि लॅमिनेशनने काळवंडतो. त्याची छायाप्रत काढून तीवर तारीख लिहावी. एका छोट्या पट्टीवरून निदान होत नसेल, तर २४ तासांच्या होल्टर तपासणीविषयी विचारावे.

मात्र ज्येष्ठांची शुद्ध हरपणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा नाडी ४० च्या खाली जाऊन अस्वस्थ वाटणे, यांपैकी काहीही घडल्यास खरे-खोटे ठरवीत घरी थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खऱ्या ब्लॉकसाठी पेसमेकर सुचविला गेल्यास केवळ वयाकडे पाहून नकार देऊ नये.