पिंजऱ्याआधीचा कॅमेरा

14 मे 2020 रोजी हैदराबादेत काटेदानजवळ महामार्गाच्या मधोमध बसलेला बिबट्या साऱ्या देशाने मोबाइलवर पाहिला. थोड्या वेळाने तो शेजारच्या फार्महाउसच्या झाडीत शिरला, आणि हाती लागला तो थेट ऑक्टोबरात, राजेंद्रनगर भागात, गोठ्यांतली वासरे मारून झाल्यावर. 2024 च्या एप्रिलअखेरीस शमशाबाद विमानतळाच्या कुंपणाआत दुसरा बिबट्या दिसला. कॅमेरे लागले, बकऱ्या ठेवलेले पिंजरे लागले, आठवड्याच्या आत तो जेरबंद झाला आणि त्याची रवानगी नल्लमलाच्या जंगलात झाली.

दोन्ही वेळा वनखात्याने माणसांना आणि बिबट्यालाही सांभाळून काम केले, हे मान्यच करायला हवे. तरी पहिल्या बिबट्याने मधले पाच महिने शहराच्या कुशीत कसे काढले? दिवसा कुठे दडत होता, पाणी कुठे पीत होता, कुत्री खाऊन पोट भरत असताना वासरांकडे कधी वळला? पिंजऱ्याबरोबर येणारा कॅमेरा हे प्रश्न विचारतच नाही. तो फक्त ‘आहे का, आणि कुठे?’ एवढेच विचारतो. आमच्या मते हैदराबादच्या वेशीवर आता पिंजऱ्याआधीचा कॅमेरा हवा.

पण जंगलात कॅमेरे लावणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांचा हात बसला आहे तो व्याघ्रगणनेत. दोन चौरस किलोमीटरची चौकट, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे, दोन्ही कुशींवरचे पट्टे मिळाले की वाघ ओळखला. 2018-19 च्या गणनेत 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या घरात छायाचित्रे जमली. मोजणीसाठी ही पद्धत चोख आहे. वर्तन पाहायचे तर तिचा फारसा उपयोग नाही, कारण ती जनावराला वाटेवरून जाताना पकडते, आणि जाता जाता कोणीच फारसे काही करत नाही.

अकोल्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या या बागायती पट्ट्यात कॅमेरे लावले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे, हरणाचे नाव नाही. तरी शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आणि तेवढेच तरस निघाले. 2013 मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा ‘जंगलातून भरकटलेला बिबट्या’ या कल्पनेला तडा गेला. ते बिबटे तिथलेच रहिवासी होते. हैदराबादच्या हिमायतसागर जलाशयाच्या काठचा बिबट्या पाहुणा की रहिवासी, हे कोणी छातीठोक सांगेल काय?

आता कॅमेरा लावण्याविषयी. हैदराबादचा ग्रॅनाइट हा आपल्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरचा पहिला वैरी. हा सेन्सर जनावर ओळखत नाही, पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाचे काही सरकले की चाप ओढतो. मे महिन्यात तापलेला धोंडा सूर्यास्तानंतरही तासन्तास गरम राहतो. त्याच्यासमोरून जाणारा बिबट्या सेन्सरला दिसतोच असे नाही. उलट भर दुपारी त्याच धोंड्यासमोर गवताचे पाते हलले की कार्ड रिकाम्या चित्रांनी भरते. म्हणून धोंड्याकडे तोंड करू नका. त्याच्या सावलीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा बांधा, रोख उत्तरेकडे ठेवा, समोरचे चार-पाच मीटर गवत हाताने काढा. मग स्वतः रांगत समोरून जाऊन चाचणी घ्या. उभ्याने घेतलेली चाचणी माणसाची असते.

वाटेपेक्षा जनावर थबकते ती जागा निवडा: पाणवठ्याचा उतार, भिंतीखालचे नाल्याचे तोंड, विष्ठा वारंवार सापडते तो कोपरा. तिथे छायाचित्र नको, व्हिडिओ ठेवा, आणि प्रकाश अवरक्त, तोही शक्यतो न दिसणारा. आमिष तर मुळीच नको. बकरी बांधल्यावर दिसते ते बकरीपुढचे वर्तन. विमानतळावरचा बिबट्या पिंजऱ्यापर्यंत येऊन परत फिरल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ते दृश्य मोलाचे खरे, पण त्यातून त्याची रोजची चाल कळत नाही. आणि घड्याळ लावा! 1 जानेवारीच्या तारखेची चित्रे अजूनही येतात, म्हणून सांगायची वेळ येते.

हे काम लवकर सुरू व्हायला हवे, त्याला कारण आहे. उस्मानसागर आणि हिमायतसागर या जलाशयांभोवती दहा किलोमीटरच्या परिसरातल्या बांधकामांवर 1996 च्या जी. ओ. 111 या सरकारी आदेशाचा लगाम होता. तिथली शेते आणि झाडी टिकली ती बरीचशी त्यामुळे. 2022 मध्ये सरकारने ते निर्बंध उठवण्याचा आदेश काढला. उद्या तिथे इमारती उठल्यावर ‘इथे काय होते’ याचे उत्तर आजच्याच कॅमेऱ्यात असेल.

मात्र या पट्ट्यात बिबट्याआधी माणूस दिसणार: गुराखी, सरपणाला निघालेल्या बायका, आडोशाला बसणारे लोक. कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पात अशाच कॅमेऱ्यात आलेले एका बाईचे छायाचित्र गावभर फिरले. अशा कॅमेऱ्यांमुळे स्त्रियांना तिथल्या जंगलात कसे वावरावे लागते, यावर केंब्रिज विद्यापीठातून 2024 मध्ये संशोधन आले. तेव्हा वनखात्याची परवानगी किंवा शेतमालकाची संमती घेऊन थांबू नका. ज्यांची ती वाट आहे त्यांना आधी विचारा, झाडावर तेलुगू आणि उर्दूत पाटी लावा, माणसांची चित्रे छाननीच्या पहिल्याच फेरीत पुसा आणि कार्ड कोण उघडणार ते नावानिशी ठरवा. बायकांनी ‘इथे नको’ म्हटले, तर कॅमेरा त्याच दिवशी हलवा.