स्वागताचे हार आणि हक्काची माहिती

१० सप्टेंबर १९६४ रोजी पश्चिम जर्मनीतील कोलोन शहराच्या डॉइत्झ स्थानकावर आगगाडीतून उतरलेल्या एका पोर्तुगीज सुताराचा वाद्यांच्या गजरात सत्कार झाला. आर्मांदो रॉद्रिगेस द सा हे त्यांचे नाव. परदेशांतून बोलावून आणलेले ते दहा लाखावे कामगार ठरले होते. मालकांच्या संघटनेने त्यांना फुले दिली आणि एक मोपेड भेट दिली. ही मोपेड आज बॉन येथील इतिहास-संग्रहालयात आहे. तिच्या मालकाचे पुढे काय झाले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. द सा यांना पोटाचा कर्करोग झाला. ते मायदेशी परतले, जर्मनीत साठविलेली सारी पुंजी त्यांनी उपचारांवर खर्च केली आणि १९७९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. जर्मनीतील विम्यातून आजारपणाचे साहाय्य मिळण्याचा त्यांना हक्क होता. तो त्यांना माहीतच नव्हता. मोपेड देणारे पुष्कळ भेटले. हक्क सांगणारा एकही भेटला नाही.

परदेशातून आलेल्या माणसाला नव्या देशाच्या संस्कृतीत रुळायला मदत करावी, असे आता सर्वच देशांतील राज्यकर्ते म्हणतात. पण मदत म्हणजे काय? रांगेत कसे उभे राहावे, शेजाऱ्याला कसे अभिवादन करावे, एवढेच शिकविणे म्हणजे मदत नव्हे. नवागताला भाषा हवी, हक्कांचे ज्ञान हवे आणि बरोबरीच्या नात्याने बसता येईल अशी संघटना हवी. या तीन गोष्टी मिळाल्या की रीतिरिवाज तो आपोआप शिकतो. त्या मिळाल्या नाहीत, तर चाळीस वर्षे राहूनही तो परकाच राहतो.

जर्मनीचाच इतिहास याला साक्ष आहे. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणण्याचे करार झाले. या कामगारांना नाव दिले गेले ‘पाहुणे कामगार’. पाहुणा दोन दिवसांचा! तुर्कस्तानशी झालेल्या करारात वास्तव्याला दोन वर्षांची मर्यादाच होती. शिकवून तयार केलेला माणूस परत पाठविणे परवडत नाही, असे मालकांच्या लक्षात आले, तेव्हा १९६४ मध्ये ती मर्यादा उठली. परंतु हा माणूस येथेच राहणार, त्याची मुले येथेच शाळेत जाणार, हे मान्य करायला शासन तयार नव्हते. जो परत जाणार त्याला भाषा कशाला शिकवायची, असा हा हिशेब होता. सहाशे तासांच्या भाषाशिक्षणाचा समावेश असलेला अभ्यासक्रम कायद्याने सुरू झाला तो २००५ साली, म्हणजे पहिल्या करारानंतर पन्नास वर्षांनी. मधल्या काळात एक पिढी वसतिगृह ते कारखाना एवढ्याच वाटेवर म्हातारी झाली. आणि ‘हे लोक मिसळतच नाहीत’ असा ठपकाही तिच्यावरच आला.

दुसरा मार्ग त्याही काळी उपलब्ध होता. स्वीडनने १९७३ पासून परदेशी कामगाराला कामाच्या वेळात, पगारासह, २४० तास स्वीडिश शिकण्याचा हक्क दिला आणि त्याचा भार मालकावर टाकला. १९७६ पासून तीन वर्षे वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकांना स्थानिक निवडणुकांत मताचा अधिकार मिळाला. स्वीडनमध्येही आज या प्रश्नावरून कडवट वाद आहेत, हे खरे. परंतु दिवसभर यंत्रापुढे राबलेल्या माणसाने रात्री स्वतःच्या खर्चाने व्याकरण घोकावे, असे म्हणण्यापेक्षा हा विचार निश्चितच अधिक न्याय्य होता.

येथे समाजवादी चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. १९७२ च्या जर्मन कायद्याने परदेशी कामगारांना कारखाना-समितीच्या निवडणुकीला उभे राहण्याचा समान हक्क दिला. परंतु हक्क कागदावर येणे वेगळे आणि मनात उतरणे वेगळे. ऑगस्ट १९७३ मध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात रजेवरून उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे तुर्की कामगारांना काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांचे हजारो बांधव संपावर गेले. कारखाना-समिती आणि कामगार संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या नाहीत आणि संप मोडला गेला. एकाच पट्ट्यावर काम करणारे एकमेकांना परके राहिले, याचा लाभ कोणाला झाला, हे सांगण्याची गरज नाही.

हे सारे आज आठवण्याचे कारण आपल्या दाराशी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार झाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवावयाचे आणि त्यांना शासनाच्या खर्चाने जर्मन भाषा शिकवावयाची, असे ठरले. भाषेचा विचार आधी झाला, याचे स्वागत केले पाहिजे. परंतु द सा यांची कहाणी सांगते की तेवढ्याने भागत नाही. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्याचा नोकरीचा करार मराठीतून पडला पाहिजे. आजारी पडल्यास वेतन किती दिवस मिळते, मालक बदलता येतो की नाही, संघटनेचे सभासद कसे व्हावे, तक्रार कोठे करावी, हे त्याला निघण्यापूर्वीच कळले पाहिजे. आपल्या तालुक्यातून कोणी निघाला असेल, तर त्याच्या घरी जाऊन ही चौकशी करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. निरोपसमारंभाचे हार इतर कोणीही घालतील.

आणि एक प्रश्न आपल्यालाच. कोकणातून, घाटावरून गिरणगावात आलेल्या माणसाला मुंबई कोणी शिकवली? गावकऱ्यांच्या सामाईक खोलीने, खाणावळ चालविणाऱ्या बाईने आणि लाल बावट्याच्या युनियनने. त्याच मुंबईत आज परप्रांतातून आलेल्या मजुराला आपण काय देतो? पगाराची पावती, मराठीचा वर्ग, संघटनेचे सभासदत्व, की ‘परत जा’ अशी धमकी? आपल्या मुलाचे श्टुटगार्टमध्ये माणूस म्हणून स्वागत व्हावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला जरूर आहे. तो अधिकार येथे, आपल्या नाक्यावर आणि आपल्या युनियनच्या कचेरीत, रोज कमवावा लागेल.