‘घरच्यांना विचारलं’ म्हणजे कुणाला?

मूल संकटात सापडलं की त्याचं पुढे काय करायचं, हे घरच्यांना विचारल्याशिवाय ठरवू नये, असं आता सगळेच म्हणतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही तेच आहे. संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि मुलाचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. आपला याला विरोध नाही. प्रश्न आहे तो ‘घरचे’ म्हणजे कोण, हा.

मालवणच्या किनाऱ्यावरचं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. नवरा मुंबईला. बाई पहाटे लिलावात मासळी घेते, पाटी घेऊन गावोगाव विकते. पोरांकडे आजी बघते. घरातल्याच कुणी मुलीच्या अंगाला हात लावला, की बैठक बसते ती भावकीची. थोरले दीर बोलतात, मुंबईहून नवरा फोनवर बोलतो. आधी घराण्याची अब्रू, मग चेडवाचं लग्न. बाई आत चहा करते. नंतर विचारलं तर म्हणते, ‘‘माका कोणी इचारूकच नाय.’’ आणि बाहेर सांगितलं जातं, घरच्यांनी मिळून ठरवलं!

खरं तर असा प्रकार मिटवायचा हक्क भावकीला नाहीच. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण मुलीने नंतर कुठे राहायचं, कुणाजवळ, हे ठरवायचं उरतंच, आणि तिथेही तेच दीर ‘कुटुंब’ म्हणून पुढे होतात.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलं सरकार परस्पर उचलून नेतं, हा त्या समाजाचा जुना राग. त्यातून १९८९ च्या कायद्याने नातेवाइकांची बैठक आणली. अधिकारी माहिती देतात, बाहेर जातात, घरचे आपसात ठरवतात. मात्र जो माणूस बैठकीला असणं मुलाच्या हिताचं नाही, त्याला बाहेर ठेवण्याचा अधिकार बैठक बोलावणाऱ्याला आहे. हे दुसरं कलम आपल्याकडे कुणी सांगत नाही.

आपल्याकडे आईला पालक मानायलाच किती वर्षं गेली! १९५६ च्या कायद्यात आधी बाप, ‘त्याच्यानंतर’ आई. त्या ‘नंतर’चा अर्थ बाप मेल्यावरच असा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितलं. गावात ते अजून पोचायचं आहे.

म्हणून बालकल्याण समितीपुढे आपण आग्रह धरायला हवा, की आईला, आजीला वेगळं बसवून ऐका, मालवणीत ऐका. मुलीला तिच्या विश्वासाच्या बाईसोबत ऐका. आजी सांभाळायला तयार असेल तर मुलीला संस्थेत पाठवण्याआधी बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून घ्या. २०२३ मध्ये ही मदत महिना १,१०० वरून २,२५० रुपये झाली, पण आजीला ती आहे हेच ठाऊक नसतं. ग्राम बाल संरक्षण समितीची सचिव अंगणवाडी सेविका असते. तिने आईला गावातच गाठावं, बैठकीच्या दिवशी चहा दुसऱ्या कुणाला करू द्यावा. आणि ओरोसला बोलावलंच, तर एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस कुणी भरून द्यायचा, हेही त्याच कागदावर लिहा.