काचेच्या दाराबाहेरचे आई-बाप



नवजात बाळ अतिदक्षता विभागात असले की आत डॉक्टर असतात, सिस्टर असतात, यंत्रे असतात. बाहेर चटई टाकून बसलेल्या आईपाशी कोण असते? ती ओली बाळंतीण. टाके दुखतात, पान्हा फुटतो आणि मांडीवर मूल नसते. बाप औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन धावतो, खाडे पडतात, उसनवारी वाढते. तो रडत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असे आपण धरून चालतो.

अशा वेळी आपली माणसे भेटायला जातात ती बिस्किटांचा पुडा आणि दहा प्रश्न घेऊन. "सातव्या महिन्यात गावाला कशाला गेलीस?" "ग्रहण पाळलं नव्हतंस का?" २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे ग्रहण आले कुठून? बाळ अपुऱ्या दिवसांचे होण्याची कारणे पुष्कळ असतात. आईचा रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळे. कित्येकदा डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. पण 'माझंच चुकलं' हे आईच्या मनात एकदा रुतले की मूल घरी आल्यावरही निघत नाही.

काहीजण किसा गोतमीची गोष्ट सांगतात. ती गोष्ट मूल गेलेल्या आईची आहे. आत लेकरू श्वास घेत असताना ती सांगू नये. शिवाय तथागतांनी गोतमीला दोन शब्द सुनावून गप्प बसवले नव्हते. मोहरी मागायला घरोघर पाठवले, आणि घराघराचे दुःख तिने स्वतःच्या कानांनी ऐकले.

"बाबासाहेबांची लेकरं आपण, रडायचं नाही," असेही ऐकवतात. बाबासाहेब आणि रमाईंची चार अपत्ये लहानपणीच गेली. १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांनी आपले दुःख एका स्नेह्याला पत्रातून मोकळेपणी कळवले. मग आपल्या वस्तीतल्या बापाने डोळे पुसले तर बिघडले कुठे?

आईला बाळासाठी काही करता आले की बळ येते. दूध काढून देणे हे असेच काम आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी निघाली, ती अशाच बाळांसाठी. बाळाची प्रकृती पाहून डॉक्टर त्याला उघड्या छातीशी धरायला देतात. त्याला कांगारू पद्धत म्हणतात, ती बापालाही जमते. "आम्हाला कधी धरता येईल?" असे बेधडक विचारा. घाबरलेल्या डोक्यात डॉक्टरांचे बोलणे राहत नाही, म्हणून जवळ वही ठेवा.

विहारातल्या महिला मंडळाने पाळ्या लावाव्यात. एकीने डबा न्यावा, दुसरीने थोरल्या मुलाची शाळा बघावी, तिसरीने दाराशी बसून आईला दोन तास झोपू द्यावे. नातेवाइकांच्या फोनला घरातल्या एकानेच उत्तर द्यावे. खर्चाची अडचण असल्यास रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयांत ते असतात.

बाळ घरी आल्यावरही आईला किंवा बापाला झोप लागेना, जरा आवाज झाला की दचकायला होते, कशात मन लागत नाही, असे दोन आठवडे चालले तर डॉक्टरांना सांगावे. १४४१६ ही टेलिमानसची फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.