सोबत आलेला रिमोट

फोनवरून टीव्हीवर चित्रपट लावायची सोय नेटफ्लिक्सने बहुतेक टीव्हींवरून काढून घेतली, हे दुःख एकवेळ गिळता येईल. गिळता येत नाही तो सोबतचा उपदेश: टीव्हीबरोबर जो रिमोट आला, तोच वापरा.

टीव्हीबरोबर आलेला रिमोट! माळव्यातल्या सरदारपुरात कुठल्याही घरी चौकशी करा. एक तर त्याचे सेल भिंतीवरच्या घड्याळात गेलेले असतात, नाहीतर तो प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून इतका जपून ठेवलेला असतो की कोणालाच सापडत नाही. सापडलाच, तर आवाजाच्या बटणावरची खूण पुसलेली आणि खालची चार बटणे मात्र लखलखीत. त्यांवर चार कंपन्यांची नावे. टीव्हीचे पैसे आपण मोजायचे आणि हातातल्या वस्तूवर पाटी दुसऱ्याची लावून घ्यायची! इंग्रजांच्या माळवा भिल्ल पलटणीची छावणी या गावाने पाहिली आहे. पण असा हुकूम त्यालाही नवा असावा.

आता त्या रिमोटने एक चित्रपट शोधून पाहा. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ घ्या. मराठी चित्रपट, शास्त्रीय गायकाच्या उमेदवारीची गोष्ट, २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक, २०२१ पासून नेटफ्लिक्सवर. कुमार गंधर्वांचे देवास याच माळव्यात, तेव्हा इथल्या एखाद्या काकूंना तो बघावासा वाटणे स्वाभाविक आहे. फोनवर नातवाने तो दोन सेकंदांत लावला असता. आता काकूंनी पडद्यावरच्या इंग्रजी अक्षरांच्या चौकटीत बाणाची बटणे दाबत हिंडायचे. ‘डी’वरून ‘आय’, ‘आय’वरून ‘एस’. बाण एकदा जास्त दाबला गेला की ‘टी’, मग मागे. ‘एस’च्या पुढे ‘सी’ असते, हे आधी कोणी सांगितलेले नसते. नायकाला चित्रपटभर गाणे साधत नाही, काकूंना चित्रपटाचे नाव.

यात फोनचे काम ते काय होते? निरोप्याचे. फोनने फक्त ‘अमुक लाव’ म्हणायचे, चित्रपट टीव्ही आपला आपण इंटरनेटवरून आणतो. ही युक्ती बाहेरच्या कोणी नेटफ्लिक्सच्या गळ्यात मारलेली नाही. नेटफ्लिक्स आणि यूट्यूब यांनीच ती मिळून रुळवली. २०१३ मध्ये गूगलचे क्रोमकास्ट आले ते त्याच वाटेने. आणि गंमत पाहा: रिमोट नसलेल्या जुन्या क्रोमकास्टवर ही सोय अजून चालू आहे! म्हणजे गेल्या दिवाळीत घेतलेला त्रेचाळीस इंची टीव्ही नालायक आणि रद्दीवाल्याने नाकारलेले डबडे लायक. २०१९ मध्ये ॲपलच्या फोनवरची एअरप्लेची अशीच सोय काढताना नेटफ्लिक्सने ‘तांत्रिक मर्यादा’ पुढे केली होती. जुलै २०२३ मध्ये भारतात पासवर्ड घराबाहेर देण्यावर बंदी आली. आता मामाच्या घरी गेलेल्या भाच्याने स्वतःच्या वर्गणीतला चित्रपट मामाच्या टीव्हीवर लावायचा म्हटले, तर त्या टीव्हीवर आधी रीतसर नाव-पासवर्ड घालून या, मग बघू. मर्यादा नेमकी कोणाची, हे कळायला अभियंता लागत नाही.

सरदारपूरच्या शेजारच्या झाबुआत १९९० च्या दशकात इस्रोने एक प्रयोग केला होता. दीडशे गावांत उपग्रहावरून थेट टीव्ही आणि बारा विकासखंडांच्या ठिकाणी उलट बोलायची सोय. शेतीचा कार्यक्रम अहमदाबादच्या स्टुडिओतून निघे आणि झाबुआचा भिल्ल शेतकरी तिथल्या तज्ज्ञाला थेट प्रश्न विचारी. आम्ही हा प्रयोग जरा जास्तच वेळा उगाळतो, हा आरोप मान्य. पण सरकारी खाक्यातल्या त्या टीव्हीला प्रेक्षकाचे ऐकून घेणे जमत होते. आजच्या ‘स्मार्ट’ टीव्हीत माइक असतो, तोही विचारण्यापुरता नव्हे, हुकूम सोडण्यापुरता, आणि काकूंचे ‘डिसायपल’ ऐकून तो कसले व्यायामाचे व्हिडिओ लावील याचा नेम नाही.

असो. वर्गणी भरणाऱ्याने फार बोलू नये. फक्त पुढच्या फर्मानात सोफा कोणत्या कंपनीचा लागेल, ते जरा आधी कळवावे. हप्ते पाडून घ्यायला वेळ लागतो.