रुंद चाकाचे ऋण

काही वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका दुपारी, गगनबावड्याहून करूळ घाट उतरत असता, माझ्यापुढे एक उंच केलेला पिकअप ट्रक चालला होता आणि त्याच्या मागोमाग, प्लॅस्टिकचा कागद पांघरलेले एक जोडपे मोटारसायकलवरून जात होते. पिकअपची चाके मूळच्या पत्र्याबाहेर चांगली चार बोटे आलेली होती. त्यांवर कसलेही आच्छादन नव्हते. आणि प्रत्येक डबक्यातून तांबड्या पाण्याचा पंखा उसळून त्या दोघांच्या तोंडावर आदळत होता. दरीच्या कडेच्या एका वळणावर त्या गृहस्थांना क्षणभर डोळे मिटूनच गाडी सांभाळावी लागली, हे मी स्वतः पाहिले. पिकअपवाला पुढे निघून गेला. आपल्या चाकांनी मागे काय केले याची त्याला वार्ताही नसावी. तेव्हापासून चाकावरच्या त्या कमानीकडे, जिला आपली अ‍ॅक्सेसरीची दुकाने ‘फेंडर फ्लेअर’ म्हणतात, केवळ शोभेची वस्तू म्हणून मला पाहवत नाही. ज्याने चाक रुंद केले त्याच्यावर ते चाक झाकण्याचे ऋण चढते, आणि या ऋणाचा धनको रस्त्यावरचा अनोळखी मनुष्य असतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

मोटार कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा टायर, रिम आणि मडगार्ड यांचे परस्परांशी एक प्रमाण ठरलेले असते. चाकाच्या वेगाने उडणारे पाणी, चिखल आणि खडी अडवून खाली टाकणे हे मडगार्डाचे मूळ कर्तव्य, आणि पत्रा चाकाहून किंचित बाहेर असेल तोवरच ते त्याला बजावता येते. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स हौसेने घेणारा मालक जेव्हा रुंद टायर आणि कमी ऑफसेटची (ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिच्या बैठकीपर्यंतचे अंतर, मिलिमीटरांत) रिम चढवतो, तेव्हा हे प्रमाण मोडते. रिमची रुंदी तीच ठेवून ऑफसेट ३० वरून शून्यावर आणला, तरी चाक ३० मिलिमीटर बाहेर सरकते. बेअरिंगवरचा भार वाढतो आणि खड्ड्यांत स्टीअरिंग हाताला हिसके देऊ लागते. म्हणून कमानीचा विचार करण्यापूर्वी चाकाचा विचार करावा, आणि गरजेवाचून ते बाहेर काढूच नये. पावसाळ्यात उसाच्या फडातल्या काळ्या जमिनीत ज्याला गाडी घालावी लागते, त्याची गोष्ट निराळी. त्याला रुंद टायर ही निकड असते.

माझ्या पुतण्याची गाडी अशाच निकडीने रुंद चाकांवर चढली, तेव्हा आम्ही दोघे कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. ठसठशीत बोल्टांच्या, फुगीर कमानींचे एक चित्र पुतण्याने मोबाइलमध्ये आधीच निवडून ठेवले होते. मिस्त्रींनी त्याकडे पाहिले नाही. त्यांनी गाडी सपाट फरशीवर घेतली, टायरांतली हवा तपासली, स्टीअरिंग सरळ केले, टायरच्या फुगवट्याला एक लोखंडी पट्टी टेकवून उभी धरली, गवंड्याप्रमाणे ओळंबा सोडून ती सरळ असल्याची खातरजमा केली, आणि मग पट्टीपासून पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. पुढची चाके वेगळी, मागची वेगळी. ‘साहेब, बत्तीस मिलिमीटर भायेर हाय,’ ते म्हणाले; ‘चाळीसची कमान घ्या. चित्र मागनं बघू.’ निवडीचे सारे शास्त्र या मोजक्या वाक्यांत आले. चाकाहून आखूड कमान काम करीत नाही, आणि चाकाहून फार रुंद कमान गल्लीबोळांत दुसऱ्याच्या आरशाला आणि गुडघ्याला लागते.

साहित्याची निवडही रस्ता पाहून करावी. एबीएस प्लॅस्टिक ताठ असते, त्यावर रंग चांगला बसतो, परंतु दगडाचा जोराचा फटका बसला तर ते तडकते. पॉलियुरेथेन लवचीक असते, दबून पुन्हा आकार धरते, आणि शेतवाटेच्या गाडीला तेच मानवते. फायबरला हवा तो आकार देता येतो, पण त्याला चिरा लवकर पडतात. काही कमानींसाठी मूळ पत्रा कापावा लागतो. असा कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही, म्हणून शक्य तोवर त्या वाटेस जाऊ नये.

बसवण्याच्या कामात घाई हा सर्वांत मोठा शत्रू. त्याच दिवशी मिस्त्रींनी दुसऱ्या एका गाडीची, कुठल्याशा दुकानात तासाभरात बसवलेली कमान आमच्यासमोर उतरवली. आत दोन पावसाळ्यांचा चिखल थापल्यासारखा घट्ट बसला होता, आणि तो खरवडताच भोकांभोवतीचा पत्रा गंजून पापुद्र्यासारखा त्यांच्या बोटांवर आला. भोके पाडल्यावर उघड्या पडलेल्या धातूला कोणी प्रायमरचा हातसुद्धा लावला नव्हता. आमच्या गाडीवर त्यांनी आधी कमान नुसती धरून पाहिली, खुणा केल्या, प्रत्येक भोकाच्या कडेला जस्ताचा प्रायमर लावून तो वाळू दिला, कमान आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी घातली, स्टेनलेसचे बोल्ट प्रथम हातानेच फिरवले आणि मग मधल्यापासून दोन्ही टोकांकडे थोडे थोडे आवळत नेले. शेवटी स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि एकेक चाक उंचवट्यावर चढवून टायर कोठे घासत नाही ना हे पाहिले. आठवड्याभराने बोल्ट पुन्हा तपासायला या, आणि पावसाळाभर कमानीच्या आतून पाण्याचा फवारा मारीत जा, अशी ताकीदही दिली. कोकणच्या खाऱ्या हवेत जाणाऱ्या गाडीच्या मालकाने तर ती शिरोधार्य मानावी.

आता सरकारदरबारच्या बाजूविषयी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणी-प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. परंतु फेरफार म्हणजे वाहनाच्या मूलभूत स्वरूपात पालट घडविणारा रचनेतील बदल, असेही हेच कलम सांगते. आणि चार सेंटिमीटरची कमान या व्याख्येत बसते की नाही, याचा निवाडा व्यवहारात नाक्यावरच्या अंमलदाराच्या मर्जीवर येऊन ठेपतो. माझ्या पाहण्यात असे आहे की उघडे, बाहेर आलेले चाक निमूट सुटते आणि त्यावरची कमान मात्र नजरेत भरते. हा न्याय उलटा आहे. परिवहन खात्याने मिलिमीटरांत मर्यादा घालून देणारे, कडा धारदार नसाव्यात असे बजावणारे आणि उघड्या चाकालाच कसूर ठरवणारे एक स्पष्ट परिपत्रक काढावे, अशी माझी मागणी आहे. ते निघेपर्यंत मालकानेही ड्रिल हाती घेण्यापूर्वी आरटीओकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीस कळवून पोच दप्तरी ठेवावी. नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी हाच बदल आडवा येऊ शकतो.

काम झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात मी पुतण्याला गाडी पुढे न्यायला सांगितली आणि स्वतः स्कूटरवरून मागे राहिलो, कारण कमानीची परीक्षा आपल्या आरशात पाहून होत नाही, ती मागच्या माणसाच्या जागेवरूनच घ्यावी लागते. गावाबाहेरच्या ओढ्याजवळ रस्त्यावर वीतभर पाणी साचले होते. गाडी त्यातून गेली. पाणी कमानीच्या आतल्या अंगावर थडकले आणि चाकापाशीच खाली कोसळले. माझ्या चष्म्यावर पावसाचे होते तेवढेच थेंब राहिले, आणि पुढचा रस्ता मला दिसत होता.